नेमाचा खेळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या पावसाळ्यात मंचरला एका मित्राकडे गेलो होतो. त्याच्या मुलाने घराखालच्या गाळ्यात स्नूकरचं टेबल टाकलं आहे. बाहेर एसटी स्टँडकडे जाणारी गर्दी, कांद्याच्या पिशव्या, चिखल. आणि आत दिव्याखाली ती हिरवीगार बनात. मुलगा चांगला खेळतो. खेळताखेळता मला म्हणाला, ‘‘काका, सरावाला एकटा असलो की दहातले आठ बॉल जातात. मॅच लागली की तोच बॉल, तेच टेबल, आणि पॉकेटच्या तोंडाशी असलेला सोपा बॉलसुद्धा जात नाही. हात बिघडतो का हो?’’

मी म्हणालो, ‘‘हात बिघडत नाही. हाताच्या आधीचं काहीतरी सुटतं.’’

हे उत्तर माझं नव्हतं. पस्तीस वर्षांपूर्वी ते मला एका माणसाने दिलं होतं. तो माणूसही आपल्याच भागातला, आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावचा. आज त्याच्याविषयी, आणि त्याच्या निमित्ताने या खेळाच्या इतिहासाविषयी थोडं बोलायचं आहे.

स्नूकर म्हटलं की आपल्याला विलायती खेळ वाटतो. पण त्याचा जन्म आपल्याच देशातला. साल १८७५, ऋतू पावसाळा, गाव जबलपूर. बाहेर पाऊस कोसळत असला की छावणीतल्या अधिकाऱ्यांना मेसमधल्या बिलियर्डच्या टेबलाचाच आधार. डेव्हनशायर रेजिमेंटचे अधिकारी तिथे पैसे लावून ‘ब्लॅक पूल’ नावाचा खेळ खेळत. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने सुचवलं, यात आणखी एक रंगीत बॉल टाकून बघू या. (पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत.) एकाचे दोन, दोनाचे चार असे रंग वाढत गेले. निळा आणि तपकिरी मागाहून आले. आज टेबलावर पंधरा लाल, सहा रंगीत आणि एक पांढरा असे बावीस बॉल असतात, त्याचं मूळ त्या पावसाळी दुपारींत आहे.

नावाची गोष्ट त्याहून गमतीची. इंग्लंडात वूलविचच्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या नवशिक्या पोराला ‘स्नूकर’ म्हणून चिडवत. एका पाहुण्या अधिकाऱ्याकडून हा शब्द चेंबरलेनच्या कानावर आला. नेमका त्याच वेळी खेळणाऱ्या एकाचा पॉकेटच्या काठावरचा सोपा बॉल हुकला. चेंबरलेन त्याला म्हणाला, तू तर अगदी स्नूकर निघालास! आणि त्या बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून त्याने पुढे जोडलं की, तसे या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. शब्द खेळाला चिकटला तो कायमचा. १८८२ साली उटकमंडच्या क्लबात खेळाचे नियम लिहून लावले गेले. ही सगळी हकीकत खुद्द चेंबरलेनने १९३८ साली, वयाच्या ऐंशीच्या पुढे, एका नियतकालिकाला पत्र लिहून सांगितली. दुसऱ्याच वर्षी कॉम्प्टन मॅकेन्झी या लेखकाने त्याच्या बाजूने लेख लिहिला आणि श्रेय त्याच्या नावावर जमा झालं.

मला या गोष्टीतलं एकच महत्त्वाचं वाटतं. या खेळाचं नाव कुणाच्या पराक्रमावरून पडलेलं नाही. हुकलेल्या सोप्या फटक्यावरून पडलं आहे. मंचरच्या त्या मुलाचा प्रश्न खेळाच्या बारशापासूनचा आहे.

मी जुन्नरचा. आमच्या मोहल्ल्यात कॅरम होता आणि त्यात माझं बऱ्यापैकी नाव होतं. १९८९ साली बी.ए. करायला पुण्याला आलो, तेव्हा कॅम्पातल्या एका हॉलमध्ये पहिल्यांदा स्नूकरचं टेबल बघितलं. बारा फूट लांब, सहा फूट रुंद. आमच्या घरातली मोठी खोलीसुद्धा एवढी नव्हती. मला वाटलं, कॅरमच आहे हा, फक्त मोठा. अर्ध्या तासात घमेंड उतरली. एकही बॉल गेला नाही.

गुणफळ्यापाशी उभे असलेले साठीचे गृहस्थ हे सगळं बघत होते. ते तिथले मार्कर. क्लबात, मेसमध्ये, हॉलमध्ये गुण मांडणारा, बॉल लावणारा, टेबल राखणारा जो माणूस असतो, त्याला मार्कर म्हणतात. सगळे त्यांना मामा म्हणत. मला म्हणाले, ‘‘कुठला रे तू?’’

‘‘जुन्नरचा.’’

‘‘मग आपल्याकडचाच की. मी घोडेगावचा. उद्या सकाळी ये, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. पैसे नको आणू.’’

दुसऱ्या दिवशी गेलो तर मामा टेबलाला इस्त्री करत होते. मला हसू आलं. मग कळलं की बनातीला लव असते, ती एकाच दिशेला बसवावी लागते. आधी ब्रश, मग इस्त्री. ती बिघडली तर हळू जाणारा बॉल वाट सोडतो. मामा पोरवयात घोडेगावहून पुण्याला आले आणि एका क्लबात बॉल पुसायला लागले. पुढे मार्कर झाले. तीस वर्षं त्यांनी सभासदांचे गुण मांडले. नोकरांनी टेबलावर खेळायचं नाही, असा तिथला नियम. रात्री सगळे गेल्यावर, दिवे मालवायच्या आधी, जे काही मिळेल तेवढंच त्यांचं खेळणं. ‘‘एका रात्री दहा-बारा फटके मिळायचे,’’ ते म्हणाले. ‘‘एवढेच मिळणार म्हटल्यावर फुकट कसा घालवणार?’’

हे वाक्य मी विसरलो नाही. ज्याला शंभर फटके फुकट मिळतात, तो आधी मारतो आणि मग विचार करतो. ज्याला दहाच मिळतात, तो उलट करतो.

मामांनी पहिले आठ दिवस मला बॉल मारूच दिला नाही. फक्त उभं राहायला, वाकायला आणि पुन्हा उभं राहायला लावलं. त्यांची पद्धत अशी होती. आधी चॉक लावायचा. तो लावताना नजर टेबलावर ठेवून काय करायचं ते ठरवायचं. कुठला बॉल, कुठलं पॉकेट, आणि नंतर पांढरा कुठे थांबायला हवा. मग पांढऱ्याच्या मागे दोन पावलं उभं राहून पॉकेटपासून मागे येणारी रेषा बघायची. उजवा पाय त्या रेषेवर टाकायचा. मग सरळ खाली वाकायचं, बाजूने सरकत नाही. डावा पंजा बनातीवर घट्ट, क्यू हनुवटीला लागून. दोन-तीन वेळा क्यू अलगद मागेपुढे करून टोक पांढऱ्याच्या बरोबर मध्याशी येतंय का ते पाहायचं. मग थांबायचं. मग क्यू सावकाश मागे घ्यायचा, तिथे क्षणभर पुन्हा थांबायचं. या थांब्यात नजर पांढऱ्यावरून उचलून ज्याला मारायचं त्या बॉलवर ठेवायची, आणि फटका सोडायचा. आणि फटका गेल्यावर मान वर करायची नाही. बॉल पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज ऐकायचा, मग उठायचं.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी एका ओळीत सांगितली : ‘‘विचार उभ्याने, फटका वाकून. वाकल्यावर शंका आली तर उठायचं आणि चॉकपासून पुन्हा सुरू करायचं. लाज वाटून घ्यायची नाही.’’

एकदा मी वैतागून विचारलं, दर फटक्याला एवढं सोंग कशाला? ते म्हणाले, ‘‘तुम्ही नमाजाआधी वजू करता ना? आमच्यात पूजेआधी आचमन. हात स्वच्छ असले तरी करतोच की. ते हातासाठी नसतं.’’

मामांचं म्हणणं किती खरं, ते साध्या हिशोबाने कळतं. स्नूकरचा बॉल साडेबावन्न मिलिमीटर व्यासाचा. समजा, पांढरा बॉल दुसऱ्याला लागताना एकच मिलिमीटर बाजूला लागला. म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षाही कमी. तो दुसरा बॉल सहा फूट जाईपर्यंत रेषेपासून जवळजवळ पस्तीस मिलिमीटर सरकलेला असतो. पॉकेटचं तोंड साधारण साडेतीन इंच. बॉल मधोमध धरला तर दोन्ही बाजूंना मोकळी जागा फक्त अठरा-एक मिलिमीटरची. म्हणजे बॉल गेला नाही. आता पाय जर दर वेळी वेगळ्या जागी पडत असेल, खांदा दर वेळी वेगळा वळत असेल, तर हा एक मिलिमीटर सांभाळणार कोण? आणि चूक झाली तर ती पायाची की डोळ्याची की मनगटाची, हे कळणार कसं? सगळं दर वेळी सारखं केलं तर चूकसुद्धा सारखी होते. आणि सारखी होणारी चूक सापडते.

सातत्य या शब्दाचा अर्थ मला तिथे कळला. सातत्य म्हणजे दर वेळी बॉल जाणं नव्हे. ते कुणाच्याच हाती नाही. सातत्य म्हणजे बॉल जाण्याआधीचं जे आपल्या हाती आहे, ते दर वेळी तसंच करणं.

मामांच्या बोलण्यात एक नाव नेहमी यायचं, आणि ते घेताना ते नकळत सरळ उभे राहायचे. विल्सन जोन्स. जन्म पुण्याचा, १९२२ सालचा. शाळा बिशप्स आणि सेंट व्हिन्सेंट्स, म्हणजे त्याच कॅम्प परिसरातल्या. १९५८ साली कलकत्त्याला झालेली जागतिक हौशी बिलियर्ड स्पर्धा त्यांनी जिंकली. कुठल्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला हा पहिला भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी तेच विजेतेपद पुन्हा मिळवलं. बिलियर्डचं राष्ट्रीय विजेतेपद बारा वेळा आणि स्नूकरचं पाच वेळा. पुढे पद्मश्री, आणि १९९६ साली शिकवण्यासाठी द्रोणाचार्य पुरस्कार. २००३ साली मुंबईत ते वारले. स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक जगज्जेता मैदानावर नाही, टेबलावर घडला आणि तो आपल्या पुण्याचा होता, हे आज कितीजणांना आठवतं?

बिलियर्डमध्ये टेबलावर तीनच बॉल असतात आणि मोठा ब्रेक करायचा तर तेच तेच नाजूक फटके एकामागून एक मारत राहावं लागतं. तिथे एखाद्या चमकदार फटक्याने भागत नाही. शंभरावा फटका पहिल्यासारखाच यावा लागतो. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७ साली जगज्जेते झाले, तेही याच वाटेने. स्नूकरचं जागतिक हौशी विजेतेपद भारताकडे प्रथम ओमप्रकाश अगरवाल यांनी १९८४ साली डब्लिनहून आणलं. मुंबईचा यासिन मर्चंट १९८९ साली स्नूकरचा आशियाई विजेता झाला, त्या वर्षी मी पुण्यात नवीन होतो. हॉलमध्ये पेढे वाटले गेले होते. आणि ज्याने पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदं मिळवली, तो पंकज अडवाणी वाढला बंगळुरात, पण जन्मला पुण्यात, १९८५ साली.

मामा जे रात्रीच्या दहा-बारा फटक्यांतून शिकले, ते तिकडे इंग्लंडात एका खाणकामगारांच्या मुलखातल्या माणसाने आधीच शास्त्रासारखं बांधून ठेवलं होतं. त्याचं नाव जो डेव्हिस. १९२७ ते १९४६ या काळात त्याने पंधरा वेळा जागतिक विजेतेपद मिळवलं आणि एकदाही गमावलं नाही. त्याचा उजवा डोळा अधू होता. म्हणून तो क्यू हनुवटीच्या मधोमध न ठेवता डाव्या डोळ्याखाली आणायचा. नियम सगळ्यांना एक असतो, पण तो आपल्या शरीराला बसवून घ्यावा लागतो, याचं याहून चांगलं उदाहरण नाही. त्याने पुस्तकं लिहिली. कसं उभं राहायचं, कसं वाकायचं, क्यू कसा न्यायचा, हे त्यात सविस्तर मांडलं. लंडनच्या बिल डेव्हिस नावाच्या एका सामान्य माणसाने ते पुस्तक समोर ठेवून आपल्या मुलाला शिकवलं. नात्याने जो डेव्हिसशी त्याचा काही संबंध नाही. तो मुलगा म्हणजे स्टीव्ह डेव्हिस; १९८० च्या दशकात सहा वेळा जगज्जेता. लोक त्याला यंत्र म्हणत, इतका त्याचा दर फटका सारखा.

आणि आता त्या यंत्राची गोष्ट ऐका. १९८५ सालचा अंतिम सामना, शेफील्डचं क्रूसिबल थिएटर. स्टीव्ह डेव्हिस पहिल्या आठ फ्रेम सलग जिंकला. समोर डेनिस टेलर. त्याने हळूहळू गाठत गाठत सतरा-सतरा अशी बरोबरी केली. शेवटची फ्रेम तासाहून अधिक चालली. मध्यरात्र उलटून गेली. ब्रिटनमध्ये एक कोटी पंच्याऐंशी लाख माणसं दूरदर्शनसमोर जागी होती. टेबलावर एकच काळा बॉल उरला; जो घालवेल तो जगज्जेता. स्टीव्ह डेव्हिसला संधी मिळाली. बॉल बारीक कापायचा होता, पण त्याच्यासारख्याला अवघड नव्हता. त्याने तो हुकवला. टेलरने घातला.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण मामांची पद्धत म्हणजे मंत्र नव्हे. ती पाळली म्हणून बॉल जाईलच असं नाही. जगातला सगळ्यात नेमस्त खेळाडूही शेवटच्या बॉलला हुकतो. पण दुसऱ्या वर्षीही तो अंतिम फेरीत होता, हरलाच; आणि त्यानंतर १९८७, १९८८, १९८९ अशी ओळीने तीन वर्षं जिंकला. हुकलेल्या बॉलनंतर परत यायला त्याच्याकडे वाट होती. ज्याच्याकडे नुसता हातगुण असतो, त्याला तो हरवला की कुठे शोधायचा, हेच कळत नाही.

अलीकडे यावर संशोधनही झालं. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातल्या जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास केला. हालचाल सुरू होण्याआधी नजर शेवटची एका जागी जाऊन ठरते, त्या ठरण्याला त्यांनी ‘शांत नजर’ असं नाव दिलं. २००२ साली बिलियर्ड खेळणाऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की कसलेल्या खेळाडूंची नजर नवशिक्यांपेक्षा जास्त वेळ ठरलेली असते, आणि बॉल जातो त्या फटक्यांत हुकलेल्या फटक्यांपेक्षा जास्त वेळ. क्यू मागे घेऊन मामा ‘थांब’ म्हणायचे, तो थांबा हाच.

मी मात्र थांबलो नाही. १९९१ साली त्या हॉलमध्ये एक छोटी स्पर्धा झाली. अंतिम फेरीत मी होतो आणि शेवटचा काळा माझ्या वाट्याला आला. सरळ रेषेत, पॉकेटपासून हातभर. खोलीत पन्नासेक माणसं. मी गेलो, वाकलो आणि मारला. बॉल पॉकेटच्या ओठाला लागून परत आला. गुणफळ्यापाशी मामा होते. त्यांनी काहीही न बोलता समोरच्याचे गुण मांडले. लोक पांगल्यावर बॉल पुसत एवढंच म्हणाले, ‘‘चॉक लावला नाहीस.’’

चॉक न लावल्याने तो बॉल हुकला नव्हता. पण चॉक विसरलो म्हणजे पहिली पायरी विसरलो, पुढच्या सगळ्या आपोआप गेल्या. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आमच्या जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. कागदी लोक लगदा करून ताव उचलत, वाळवत, खळ देत आणि दगडाने घोटून गुळगुळीत करत. पेशव्यांच्या दफ्तरातले कागद अजून टिकून आहेत. त्या कारागिरांचं कौशल्य एका सुंदर तावात नव्हतं. हजारावा ताव पहिल्यासारखा निघण्यात होतं. त्यांची नावं कुठल्या कागदावर नाहीत, आणि मामांचंही कुठल्या फळ्यावर नाही. स्नूकरच्या इतिहासात शोध लावणाऱ्याचं नाव आहे, जिंकणाऱ्यांची आहेत. ज्यांनी टेबलाला रोज इस्त्री केली, बाकीच्यांचे गुण मांडले आणि मधल्या वेळात एखाद्या पोराला उभं कसं राहायचं ते शिकवलं, त्यांची नाहीत. पण खेळ पुढे गेला तो त्यांच्याही हातून.

आपल्या भाषेत ‘नेम’ हा शब्द दोन ठिकाणी येतो. गोफणीने, गोटीने, बंदुकीने आपण नेम धरतो. आणि रोज ठरल्या वेळी ठरली गोष्ट करणाऱ्यालाही आपण म्हणतो, त्याचा नेम कधी चुकत नाही. शब्दांशी खेळण्यात माझं आयुष्य गेलं, पण हे दोन नेम एकच आहेत, हे मला कुठल्या कवितेत नाही, बनातीवर कळलं. दुसरा नेम चुकला की पहिला चुकतो.

मामा शेवटी घोडेगावला परतले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. मी भेटायला गेलो तेव्हा ओट्यावर बसले होते. आवाजावरून ओळखलं. ‘‘खेळतोस का अजून?’’ म्हणाले. मी म्हटलं, नाही मामा, आता कविता लिहितो. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘‘मग लिहायच्या आधी काय करतोस?’’ मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले.

मंचरच्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. त्याला एक वही करायला सांगितली. सराव करताना किती बॉल गेले ते लिहायचं नाही. चॉकपासून मान खाली ठेवण्यापर्यंत सगळं किती फटक्यांत पाळलं, एवढंच लिहायचं. बॉल गेला असो वा नसो. आणि रोज सुरुवातीला एक जुना अभ्यास करायचा : टेबलाच्या मधल्या खुणांवरून पांढरा बॉल सरळ पुढे मारायचा आणि समोरच्या कुशनवर आपटून तो आपल्याच क्यूच्या टोकाशी परत येतोय का ते बघायचं. बोटभर बाजूला आला तरी समजायचं, कुठेतरी पाय वाकडा पडला.

परवा त्याचा फोन आला होता. म्हणाला, ‘‘काका, शंभरात एकसष्ट झाले.’’

मी विचारलं, ‘‘बॉल गेले?’’

‘‘नाही. नेम पाळले.’’